भाताच्या उत्पादनाचा अंदाज : सेंटिनेल-1 घ्यावे की सेंटिनेल-2?

शहापूर-मुरबाडकडील भाताच्या उत्पादनाचा अंदाज उपग्रहावरून बांधायचा झाला, तर निवड बहुतेकदा रडारवाला सेंटिनेल-1 आणि सूर्यप्रकाशात चित्रे घेणारा सेंटिनेल-2 या दोन युरोपीय उपग्रह-मालिकांपैकीच करावी लागते. पीकविम्यात 2023 च्या खरिपापासून भाताच्या उत्पादनासाठी तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान 30 टक्के वजन देण्याची तरतूद झाल्यामुळे ही निवड आता केवळ अभ्यासकांपुरती राहिलेली नाही.

सेंटिनेल-2 च्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याचा दहा मीटरचा पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा, त्यामुळे आपल्याकडची चार-पाच गुंठ्यांची खाचरेही निदान ओळखू येतात. शिवाय पीक दाटल्यावर एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा दाखवणारा निर्देशांक) जिथे वाढायचाच थांबतो, तिथेही त्याच्या रेड-एज पट्ट्या (लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या सीमेवरच्या) काही फरक दाखवतात.

अडचण आहे ती ढगांची, आणि तीही दाट ढगांची नव्हे. पूर्ण झाकोळलेले चित्र सरळ बाजूला ठेवता येते. मला जेरीस आणले ते विरळ ढगांनी आणि त्यांच्या सावल्यांनी. ढगाळ पिक्सेल वगळणाऱ्या मास्कमधून ते निसटतात, एनडीव्हीआय खाली ओढतात, आणि हळवे (लवकर तयार होणारे) भात पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या बेतात, असताना असा खड्डा पडला की मॉडेल त्याला पाण्याचा ताण समजून उत्पादन कमी धरते. मुरबाडच्या बाजूच्या एका गावाच्या आलेखात ऑगस्टअखेर असा खड्डा होता. शेतात जाऊन पाहिले, तर भात उत्तम निसवले होते आणि खाचरात पाणीही भरपूर होते. लोंबी ठरण्याच्या नेमक्या दिवसांत आकडा विश्वासाचा नसेल, तर बाकीचे बारकावे फारसे कामाचे उरत नाहीत, असे माझे मत झाले.

सेंटिनेल-1 च्या रडारला ढगांचा अडथळा जवळपास नसतो. चिखलणी होऊन पाणी साचलेल्या खाचरातून परतीचा संकेत अगदी क्षीण येतो आणि रोप फुटवे धरू लागले की व्हीएच संकेत (उभ्या ध्रुवणात सोडून आडव्या ध्रुवणात टिपलेला) चढत जातो; त्यामुळे लावणीचा काळ व क्षेत्र दोन्ही बरेच खात्रीने हाती लागतात. दोष त्यातही आहेत. पिक्सेल दहा मीटरचा असला तरी प्रत्यक्ष विभेदन वीस मीटरच्या आसपास आहे, चित्रातील कण-कण घालवण्यासाठी सरासरी घेतली की बांध पुसले जातात, आणि माहुलीसारख्या डोंगराच्या उतारावर संकेत वेडावाकडा होतो. 1-बी उपग्रह 2021 च्या डिसेंबरात बंद पडल्यावर चित्रांमधील अंतरही वाढले होते. 2024 च्या डिसेंबरात 1-सी सोडल्यावर ती उणीव भरून काढण्याची सोय झाली.

एकेका खातेदाराच्या खाचराचा अंदाज हवा असेल, तर रडार कदाचित निराश करील. गाव किंवा महसूल मंडळ हे एकक असेल, तर मी सेंटिनेल-1 वरच आधार ठेवीन, आणि गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) भाताचे दाणे भरताना ऑक्टोबरमध्ये आकाश निवळले, की तेवढ्यापुरती सेंटिनेल-2 ची चित्रे जोडीला घेईन.