कोचिंग आणि थेरपी, दोन्ही घेऊन झाल्यावरचा रिव्ह्यू

गेल्या दीड वर्षात मी आधी पर्सनल कोचिंग घेतलं, मग थेरपी, आणि आता परत त्याच कोचकडे जातेय, म्हणून दोन्हीचा रिव्ह्यू एकत्रच लिहिते. नावं कुणाचीच देत नाहीये. मला सांगायचंय ते एवढंच की आधी कुणाकडे जायचं हे मला कळलं नव्हतं, आणि त्यात चार महिने गेले.

झालं असं की मला टीम लीड केलं आणि कामं वाटून देणं काही केल्या जमेना, सगळं स्वतःच्याच अंगावर घ्यायचे. म्हणून कोच शोधली. पहिली दोन सेशन्स मस्त झाली. त्या ग्रो नावाच्या पद्धतीने जातात, म्हणजे आधी गोल काय, मग आत्ता खरी परिस्थिती काय, मग पर्याय कोणते आणि शेवटी तुम्ही नक्की काय करणार आणि कधी. स्वतः सल्ला फारसा देत नाहीत, प्रश्न विचारून तुमच्याकडूनच उत्तर काढून घेतात. मी उत्साहाने लिहून आणायचे, सोमवारी हे काम याला देणार, बुधवारी ते त्याला. आणि आठवडाभर एकही व्हायचं नाही. पुन्हा गोल छोटा केला, पुन्हा नाही झालं, आणि मला वाटायला लागलं की मीच आळशी आहे.

पाचव्या सेशनला त्यांनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, झोप कशी आहे? मी सांगितलं, पहाटे ४ ला जाग येते ती येतेच, मग सात वाजेपर्यंत छताकडे बघत पडते. मग विचारलं, या महिन्यात मजा वाटली असं काय केलंत? मला एक गोष्ट आठवेना. ताईचा रविवारचा फोन मी तीन आठवडे उचललाच नव्हता. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे माझ्या कामात बसत नाही. तुम्ही आधी थेरपिस्टना भेटा, तुमची उरलेली सेशन्स मी राखून ठेवते." मला तेव्हा लागलं ते, अगदी रडू आलं, पण आज विचाराल तर अख्ख्या कोचिंगमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच होतं. कारण याच्याआधी एका दुसऱ्या कोचशी फ्री कॉल झाला होता, त्यांनी सांगितलं होतं की डिप्रेशन वगैरे काही नसतं, सगळा माइंडसेटचा खेळ आहे, बारा आठवड्यांत बदलून देतो. त्यांच्याकडे पैसे भरले असते तर माझं काय झालं असतं याची अजून भीती वाटते.

थेरपीची अपॉइंटमेंट मिळायलाच पाच आठवडे लागले. पहिल्या सेशनला गोल वगैरे काही नाही, नुसते प्रश्न. कधीपासून, घरात आधी कुणाला असं झालंय का, औषधं कुठली चालू, थायरॉइड तपासलंय का (थायरॉइड कमी असला तरी असंच गळून गेल्यासारखं होतं, हे मला माहितीच नव्हतं). इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका वाटला तर सांगावं लागेल, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. मग पीएचक्यू-९ नावाचा, डिप्रेशन किती आहे ते बघायचा फॉर्म दिला. गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, टोटल २७. माझे १६ आले. नुसत्या फॉर्मवरून निदान होत नाही, थेरपिस्ट नीट बोलूनच ठरवतात, पण १५ च्या वर गेलं की ते हलकं प्रकरण नसतं. म्हणजे मी आळशी नव्हते, आजारी होते!

सगळीकडे वाचायला मिळतं की थेरपी म्हणजे भूतकाळ आणि कोचिंग म्हणजे भविष्य. माझा अनुभव तसा नाही. माझी थेरपी सीबीटी होती, म्हणजे मनात येणारे विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत, त्यात लहानपण फार थोडं आलं, जास्त करून या आठवड्यात काय झालं यावरच बोलायचो, आणि होमवर्क तर कोचपेक्षा जास्त. फरक मला कळला तो त्याच कामं वाटण्याच्या गोष्टीत. कोच विचारायच्या कुठलं काम कुणाला देणार. थेरपिस्ट विचारायच्या, द्यायच्या त्या क्षणी मनात काय येतं? आणि येत काय होतं तर, दिलं की सगळ्यांना कळणार मला काही येत नाही. ते वाक्य आम्ही कित्येक आठवडे धरून बसलो, कागदावर लिहून, पुरावा काय, उलट पुरावा काय असं करत. अंगात चालायची ताकद आहे हे कोच धरून चालतात, ती ताकद कुठे गेली हे थेरपीत बघतात आणि त्यावर उपचार करतात.

शिक्षणाचं पण बघा. बहुतेक देशांत कोच म्हणवून घ्यायला लायसन्स लागत नाही, उद्या कुणीही पाटी लावू शकतं. १९९५ साली सुरू झालेली आयसीएफ ही कोच लोकांची आंतरराष्ट्रीय संस्था सर्टिफिकेट देते, त्यातल्या सुरुवातीच्या एसीसी लेव्हलला ६० तासांचं ट्रेनिंग आणि १०० तासांचा अनुभव लागतो, ते असलेलं बरंच, पण ते आजार ओळखायचं शिक्षण नाही. औषध लागलं तर सायकियाट्रिस्ट, ते डॉक्टर असतात. कुणाकडेही जाताना सरळ विचारा, तुम्ही काय शिकलात आणि कुठल्या गोष्टी घेत नाही. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर उठून या.

आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर रिव्ह्यू वाचत बसू नका, आजच डॉक्टर, इमर्जन्सी किंवा हेल्पलाइन, आणि घरच्या एकाला सांगा, प्लीज.

तक्रारी दोन्हीकडे आहेत. थेरपीची पहिली तीन सेशन्स मला काहीच फरक वाटला नाही, आणि दोन सेशन्सच्या मधे मेसेज केला तर उत्तर येत नाही. कोचिंगमध्ये पॅकेजचे पैसे आधीच भरावे लागतात आणि रोज "आज काय केलंत" असा मेसेज येतो, तेव्हाच्या अवस्थेत तो बघूनच पोटात गोळा यायचा. आता तोच मेसेज आवडतो. मागच्या महिन्याचा रिपोर्ट टीममधल्या मुलाला दिला, त्याने त्याच्या पद्धतीने केला आणि मी तो उघडून दुरुस्त केला नाही.

थेरपीला ५ स्टार, कोचिंगला ४, एक कापला तो पॅकेजसाठी.