एमडीटीचं (कुष्ठरोगावरच्या बहुऔषधी उपचाराचं) पाकीट: बारा महिने घेतल्यावर

मी शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ब्लाउजच्या पट्टीवर इस्त्री फिरवताना डाव्या हाताची करंगळी भाजली, आणि मला ते कळलं कातडी जळल्याचा वास आल्यावर. पाठीवर आणि दंडावर मिळून सात फिकट चट्टे होते. खाजत नव्हते, दुखत नव्हते. एका खासगी दवाखान्यातून आणलेलं नायट्याचं मलम आठ महिने लावून झालं होतं. त्या आठ महिन्यांत चट्ट्याला साधा कापूस लावून बघावं असं तिथे कुणालाही वाटलं नाही, याचा राग मला अजून येतो.

कापूस लावला तो आमच्या आशाताईंनी, घरोघरच्या तपासणीत. डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, "कुठे लागतंय ते बोट ठेवून दाखवा." मला दाखवता येईना. सरकारी दवाखान्यात तंत्रज्ञांनी कोपराची नस चाचपली, ती जाड झाली होती. कुष्ठरोग. पाचापेक्षा जास्त चट्टे, म्हणून बारा महिन्यांचा कोर्स.

आता पाकिटाबद्दल. एक पाकीट २८ दिवसांचं. पहिला डोस दवाखान्यातच, त्यांच्यासमोर गिळायचा: रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन ३०० आणि डॅप्सोनची १०० ची गोळी. उरलेले २७ दिवस घरी, रोज क्लोफाझिमिन ५० आणि डॅप्सोन १००. एक पैसा लागला नाही. ज्या दिवसाची गोळी त्या दिवसाच्या खळग्यात, त्यामुळे चुकली की लगेच दिसतं. मी पाकीट मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी ठेवायचे, एकही दिवस चुकला नाही. घरातल्या सगळ्यांना रिफॅम्पिसिनचा एकेक डोस प्रतिबंध म्हणून दिला. सासूबाईंनी माझं ताट वेगळं काढायला घेतलं होतं. औषध सुरू झाल्यावर संसर्ग पसरायचा जवळपास थांबतो, हे सिस्टरनी घरी येऊन त्यांना समजावलं आणि ताट परत मांडणीवर गेलं.

त्रुटी दोन. लघवी लाल होते हे सांगितलं होतं, पण क्लोफाझिमिनने चेहरा इतका काळवंडतो हे नीट सांगितलं नव्हतं. लग्नसराईत गिऱ्हाइकं विचारत राहिली. औषध संपल्यावर रंग हळूहळू उतरला, पण महिने गेले.

दुसरी त्रुटी मोठी. तिसऱ्या पाकिटाला चट्टे लाल होऊन सुजले, कोपरापासून करंगळीपर्यंत कळा येऊ लागल्या. मला वाटलं औषधच बाधलं, बंद करावं. डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. कातडीतल्या भक्षकपेशी हा जंतू गिळतात, पण कित्येकदा मारत नाहीत. तो त्यांच्याच पोटात, चरबीच्या थेंबांत बसून वाढतो. एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस घेतो, म्हणून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. ज्यांच्या भक्षकपेशी गिळतात आणि मारतातही, त्यांना चट्टे थोडे येतात. बहुतेक माणसांना तर हा रोग होतच नाही. माझ्या पेशी नुसत्या गिळत होत्या. आता औषधाने जंतू मरत होते आणि शरीर त्यांच्या अवशेषांवर चवताळून उठलं होतं. त्या चवताळण्यात नस भरडली जाते. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. एमडीटी चालूच ठेवायची आणि सोबत प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) घ्यायचं, हळूहळू कमी करत.

हे चित्र पहिल्या पाकिटाबरोबरच मिळायला हवं होतं. मराठीत एक चिठ्ठी घातली तरी पुरे. मी दोन दिवस गोळी गिळण्याआधी ती हातात धरून बसले होते, टाकून दिली असती तर आज हात वाकडा झाला असता.

औषधाला माझे पाचपैकी पाच, माहिती देण्याला तीन. चट्टे गेले. करंगळीला अर्धी जाण परत आली आहे, सुई टोचलेली कळते, गरम अजून कळत नाही. इस्त्री आता उजव्या हाताने करते आणि डावा हात रोज रात्री दिव्याखाली धरून कुठे भाजलं-कापलं नाही ना ते बघते.