नेफ्रॉलॉजीची गोडी लावायची तर: किडनीच्या डॉक्टरांचा हात की गावातलं शिबिर?

मार्चचा दुसरा गुरुवार, म्हणजे जागतिक किडनी दिन, जवळ आला की कोल्हापुरातल्या एमबीबीएसच्या मुलांचे फोन सुरू होतात. “सर, यंदा शिबिर घ्यायचंय.” गाठीला पैसे थोडे आणि परीक्षांच्या मधला वेळ त्याहून थोडा. मग नेफ्रॉलॉजीची, म्हणजे किडनीच्या आजारांच्या शाखेची, गोडी लागावी म्हणून शिबिर घ्यावं, की तेवढ्याच वेळात पाच-सहा जणांना किडनीच्या डॉक्टरांच्या हाताखाली सोडावं? मी दोन्ही करून पाहिलंय.

शिबिराला एका सकाळी चाळीस मुलं नेता येतात. खर्च गाडीचा, नाश्त्याचा आणि लघवी तपासायच्या पट्ट्यांचा. गेल्या वर्षी राधानगरीकडच्या एका गावात दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं पट्टी बुडवली आणि बाटलीवरच्या रंगांशी जुळवून पाहिली. प्रथिनांचा पिवळा चौकोन गर्द हिरवा झाला होता, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. समोरचे काका दिसायला धडधाकट, पहाटे उसाला पाणी पाजून आलेले. गुडघे दुखतात म्हणून रोज दुकानातली गोळी घ्यायचे आणि बीपी आयुष्यात कधी मोजलेलं नाही. ती मुलगी पट्टी हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिली. किडनीचं निम्मं काम गेलं तरी माणूस शेतात राबत असतो, हे तिला वर्गात इतकं कधी कळलं नसतं.

अडचण त्यानंतर येते. ताप असला, अंगमेहनत झाली किंवा लघवी गडद असली तरीही पट्टी रंग बदलते. शिवाय किडनीचा जुनाट आजार म्हणायचा तर बिघाड किमान तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. एका दिवसाच्या शिबिरात निदान होतच नाही. एका गावात आम्ही लोकांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या आणि परत फिरकलोच नाही. त्याची रुखरुख मला अजून आहे.

हाताखाली शिकण्यात मुलं कमी बसतात, पाच-सहाच. डॉक्टरांचा वेळ मिळवणं हे सगळ्यात अवघड काम. पण आठवड्यातून एक दुपार, सहा महिने, असं जमलं तर मुलांच्या मनातली भीती जाते. नेफ्रॉलॉजी म्हणजे सोडियम-पोटॅशियमची गणितं आणि डायलिसिसचं मशीन, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडलेल्या हातातल्या शिरेवर, बोटं ठेवून कातडीखालची ती थरथर पहिल्यांदा जाणवली की चेहरे बदलतात. मग पेशंटशी ओळख होते. आठवड्यातून तीनदा, चार-चार तासांच्या डायलिसिससाठी गगनबावड्याहून एसटीनं येणारे एक मामा होते. वजन का वाढलं विचारलं तर म्हणाले, “भावकीत बारसं हुतं वो डॉक्टर, पांढरा रस्सा सोडवला न्हाई.” मिठानं तहान आणि तहानेनं पाणी कसं वाढतं, हे त्या दिवशी कुणाला शिकवावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट फक्त जवळच्या डॉक्टरांनाच विचारता येते. एमबीबीएसची साडेपाच, एमडीची तीन आणि त्यापुढच्या डीएम या किडनीच्या पदवीची तीन अशी साडेअकरा वर्षं घर कसं चालवायचं? मुली हे हमखास विचारतात. शिबिराच्या रांगेत त्याचं उत्तर मिळत नाही.

एकच काही जमणार असेल तर मी डॉक्टरांच्या हाताखालची दुपार निवडेन. मुलगा किंवा मुलगी पुढं खरंच या वाटेला जाण्याची शक्यता मला तिथंच जास्त दिसते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं मात्र आधी गावात न्या. त्यांना अजून वॉर्डातलं फारसं कळत नाही, माणूस मात्र कळतो.

दोन्ही जमत असेल तर तीन गावं घेऊ नका, एकाच गावात तीनदा जा. पहिल्यांदा बीपी, शुगर आणि पट्टी. दुसऱ्यांदा ज्यांची पट्टी बदलली त्यांची सकाळची पहिली लघवी आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. हाताखाली शिकणारी मुलंच या फेऱ्या करू देत, म्हणजे हिरव्या पट्टीचा माणूस ओपीडीत आला की ओळखीचा चेहरा समोर असेल. गावच्या आशाताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, आणि नावांची वही कोण सांभाळणार हे गाव ठरवण्याआधी ठरवा.