जळगावचं ‘मेंदूचं ट्रेनिंग’: पैसे मशीनचे घेतात, काम ताई करतात

फी महिन्याला ७ हजारांच्या आसपास आहे. आठवड्यातून दोनदा जायचं, बाकीचे दिवस घरी मोबाइलवर सराव करायचा. सेंटर जळगावात रिंग रोडच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि माझा पोरगा अजून तिथे जातो. बोर्डावर स्मरणशक्ती, एकाग्रता, बारावी, नीट, सगळं लिहिलंय. आम्ही गेलो ते पोराला मानसिक आजाराचा धोका दिसला म्हणून, त्याचा बोर्डावर पत्ताच नाही. आम्हाला मानसोपचाराच्या डॉक्टरांनी पाठवलं म्हणून कळलं.

मी एस.टी.त कंडक्टर, राहायला अमळनेरला. पोरगा अकरावी सायन्सला आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याचं गाडं बिनसलं. गणिताचा पेपर अर्धा कोरा देऊन आला. संध्याकाळचं क्रिकेट बंद झालं. क्लासमधली पोरं आपल्यावरच हसतात, असं सारखं वाटायचं. रात्री पंख्याच्या आवाजात कुणीतरी आपलं नाव घेतंय असं ऐकू यायचं, आणि वर स्वतःच म्हणायचा, “मम्मी, कुणी नाही ते मला माहितीय, तरी ऐकू येतं.” माझ्या मोठ्या दिरांना असे आवाज ऐकू येण्याचा आजार तरुणपणापासून आहे, त्यामुळे घरात सगळेच घाबरले. सासूबाईंनी भगताकडे न्यायचं ठरवलं होतं. मी ड्यूटी बदलून घेतली आणि डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी नीट सांगितल्या. पहिली, हा अजून सायकोसिस नाही, म्हणजे भास आणि संशय खरेच मानून बसण्याचा आजार नाही, ही त्याच्या आधीची धोक्याची अवस्था आहे. पोराला स्वतःच्या ऐकण्यावर स्वतःच शंका घेता येते, तोवर त्याला आजारी म्हणायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. ही अवस्था ओळखायचे निकष ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १९९०च्या दशकात पॅट्रिक मॅकगोरी, अ‍ॅलिसन यंग या डॉक्टरांनी बसवले. निकषात बसणाऱ्या मुलांपैकी तीन वर्षांत साधारण चारातल्या एकाला पूर्ण आजार होतो. बाकी तिघांना होत नाही. हे ऐकून मी त्यांच्या केबिनमध्येच रडले, पण हलकं वाटून. दुसरी गोष्ट म्हणजे, आजार होऊ नये म्हणून आधीच सायकोसिसच्या गोळ्या सुरू करू नका, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनातच आहे. तिथे अशा मुलांना आधी बोलण्याची थेरपी, म्हणजे सीबीटी सुचवतात, जमलं तर घरच्यांना सोबत घेऊन. आमच्या डॉक्टरांनी झोपेचं वेळापत्रक दिलं, दर महिन्याला बोलावलं, आणि अभ्यासाचं बिघडलंय त्यासाठी या सेंटरची चिठ्ठी दिली. अशा बऱ्याच मुलांचं ऐकलेलं लक्षात ठेवणं, लक्ष टिकवणं आणि विचारांचा वेग आवाज-बिवाजांच्या आधीच थोडा मागे पडलेला असतो, तो सरावाने काही प्रमाणात वर आणता येतो, असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टर एवढंच म्हणाले होते. सेंटरच्या काउंटरवर मात्र मुलगी म्हणाली, “मॅडम, कोर्स पूर्ण केला की पुढे आजार होतच नाही.” आता मी दिवसभर लोकांच्या थापा ऐकणारी बाई. पास घरी राहिला, पोरगं अजून पाचचं व्हायचंय, पुढच्याच स्टॉपला उतरतो. मी तिला म्हटलं, हे लेटरहेडवर लिहून देता का? मग ती म्हणाली, सर आले की विचारते. सर आले, पण लिहून कुणी दिलं नाही.

माझी भाची पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करते. तिने शोधून सांगितलं ते असं. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी अशाच धोक्यातल्या ८३ मुलामुलींवर प्रयोग छापला होता. काहींना कान आणि लक्ष तयार करणारं ट्रेनिंग, बाकीच्यांना साधे कॉम्प्युटर गेम. आठ आठवड्यांत ४० तास, तेही घरी बसून. ट्रेनिंगवाल्यांची ऐकलेले शब्द लक्षात ठेवण्याची ताकद खरंच वाढली. पण दहातल्या चारेक जणांनी मधेच सोडून दिलं, आणि ट्रेनिंगमुळे आजार टळतो असं काही त्यातून सिद्ध झालं नाही. त्याच साली जानेवारीत अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे काउंटरवर काहीही बोललं तरी चालतं.

आता ट्रेनिंगबद्दल. खोली छोटी आहे, चार कॉम्प्युटर, मोठे हेडफोन, एसी. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे, सराव मधेच तुटत नाही. हेडफोन स्वच्छ असतात, प्रत्येक मुलानंतर पुसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पहिला खेळ आवाजाचा: दोन सूर वाजतात, कोणता चढत गेला आणि कोणता उतरत गेला ते दाबायचं. बरोबर येत गेलं की सूर आखूड होतात, चुकलं की पुन्हा लांब होतात. म्हणजे पोरगं कंटाळणार नाही आणि हरणारही नाही, अशा बेताने मशीन कठीण होत जातं. ही त्यातली खरी हुशारी. मी एकदा हेडफोन लावून बघितला, दोन मिनिटांत घाम फुटला. दुसऱ्या खेळात चित्रं एकामागून एक येतात, आत्ताचं चित्र दोन चित्रांमागे होतं का ते सांगायचं. तिसऱ्यात शब्दांची यादी ऐकून परत म्हणायची.

शब्दांच्या खेळात घोळ आहे. आवाज सगळे अमेरिकी इंग्रजीत. माझा पोरगा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलाय आणि आजीशी अहिराणी बोलतो. ‘बॅग’ आणि ‘बॅक’ यातला फरक त्याला त्या उच्चारात लागेना, तर तो स्मरणशक्तीत कच्चा ठरला! पहिल्या आठवड्यात घरी येऊन म्हणाला, “माय, माले नको धाडू तठे.” मोठा झाल्यापासून माझ्याशी तो अहिराणीत बोलत नाही, फार वैतागला की मगच. चेहऱ्यावरचे भाव ओळखायचा एक खेळ आहे, त्यातले सगळे चेहरे गोऱ्या लोकांचे. राग आलेला गोरा साहेब ओळखून अमळनेरच्या पोराला काय मिळणार?

सोडणार होतो. ते टळलं ते समुपदेशक ताईंमुळे, आणि पाच स्टार द्यायचेच असतील तर ते फक्त त्यांना.

त्यांनी आधी त्याचा इंग्रजी शब्दांचा खेळ बंद केला आणि सुरांचा आणि चित्रांचाच ठेवला. मशीन झालं की शेजारच्या खोलीत अर्धा तास बसायचं. त्या अर्ध्या तासात कॉम्प्युटर नाही, वही आहे. “आज मशीनवर कुठे अडकलास? तिथे काय युक्ती केलीस? ही युक्ती या आठवड्यात कुठे लागेल?” दर खेपेला हेच तीन प्रश्न. पहिले काही दिवस उत्तर एकच, “माहीत नाही.” ताई घाई करत नाहीत. मग त्यांना कळलं की पोराला माझ्या रूटचे स्टॉप पाठ आहेत. अमळनेर, धरणगाव, पाळधी, बांभोरी, जळगाव, लहानपणी सुट्टीत माझ्यासोबत फिरून फिरून. झालं, त्यावरच त्यांनी यादी लक्षात ठेवायला शिकवलं. किराणा आणायचा तर धरणगावला तूरडाळ उतरवायची, पाळधीला शेंगदाणे, बांभोरीच्या पुलावर साबण. चिठ्ठी न देता दुकानात पाठवायला मला सांगितलं. पहिल्यांदा शेंगदाणे राहिले. पुढे सगळं यायला लागलं, वर शेव स्वतःच्या मनाने आणली. मग तीच रीत रसायनशास्त्राला लावली.

क्लासमधल्या हसणाऱ्या पोरांवरही त्या बोलल्या. ती हसत नाहीत, असं कधी म्हणाल्या नाहीत. विचारलं, “हसण्याची दुसरी कारणं काय असू शकतील? तीन लिही.” त्याने लिहिलं: मोबाइलवर रील, सरांचं इंग्रजी, मागच्या बेंचवरच्याची पँट. तिसरं वाचून तो स्वतःच हसला. मी दाराबाहेर होते, ऐकलं.

भाचीने २०२१चा एक आढावा दाखवला, १३० अभ्यास, त्यातली ८,८५१ माणसं. बहुतेक आधीपासून स्किझोफ्रेनिया, म्हणजे सायकोसिसचाच एक लांबणारा आजार, असलेली, आपल्या पोरांसारखी नाहीत, पण मुद्दा आपल्याला लागू पडतो: शेजारी बसून शिकवणारा माणूस, युक्त्या शिकवणं, भरपूर सराव, आणि ते सगळं रोजच्या जगण्याशी जोडणं, हे चारही असलं की फायदा जास्त दिसतो. सेंटरच्या माहितीपत्रकावर यातल्या फक्त सरावाचा फोटो आहे. तिकिटाचं मशीन हातात दिलं म्हणून कुणी कंडक्टर होत नाही, हे यांना मी कसं सांगू.

रिपोर्टचा मात्र राग येतो. चार पानं, इंग्रजीत, हिरव्या-लाल पट्ट्या. पट्टी कशाशी तुलना करून काढली, कोणत्या देशाच्या, कोणत्या वयाच्या मुलांशी, काही लिहिलेलं नाही. पहिल्या रिपोर्टात ‘मेमरी’ लाल होती, दुसऱ्यात पिवळी. काउंटरवर अभिनंदन केलं, पेढे मागितले. ताईंना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, “तोच खेळ रोज खेळला की त्या खेळाचा आकडा वाढतोच. तुम्ही घरात आणि वर्गात काय बदललं ते बघा.” म्हणून बघितलं ते लिहिते. एका वेळी सांगितलेली दोन-तीन कामं तो आता करतो. गणितात काठावर पास झाला. संध्याकाळी मैदानावर जातो, बॅटिंग घेत नाही, कीपिंग करतो. नाव ऐकू येणं अधूनमधून आहे, पण कमी झालंय. ते मशीनमुळे, ताईंमुळे, झोप सुधारल्यामुळे की नुसतं वय सरल्यामुळे, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत, आणि तेच मला बरं वाटतं.

एका रात्री तो फारच बेचैन होता, तेव्हा मी १४४१६ वर फोन लावला. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा, ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, फुकट. मराठीत बोलले, मला धीर दिला, पोराशीही बोलले. या सेंटरला रात्रीचा नंबर नाही, सुट्टीच्या दिवशीही नाही. मुलाच्या मनाशी खेळणाऱ्या जागेने एवढं तरी ठेवायला हवं.

पैशाचं शेवटचं. मी विचारलं, मशीनचे दिवस कमी करून ताईंचे वाढवता येतील का, फी तीच घ्या. “पॅकेज तुटत नाही, मॅडम.” केळीच्या गाडीत माल भरायला जाणाऱ्या बाईलाही असा पोरगा असू शकतो, तिने ७ हजार कुठून आणायचे? तिने थेट सिव्हिलच्या मानसोपचाराच्या ओपीडीत जावं. मशीन तिथे असो नसो, निदान आणि डॉक्टर ही पहिली गरज आहे. आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनीसुद्धा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय, नुसता बोर्ड वाचून इथे यायचं नाही. आवाज पक्के झाले, पोरगं खाणं-झोपणं सोडून बसलं, जिवाचं काही बोललं, तर त्या दिवशी हेडफोन नाही, दवाखाना.

जायचंच ठरलं तर दुपारचा स्लॉट मागा. संध्याकाळी बारावीवाल्यांची गर्दी असते आणि ताईंचा अर्धा तास पंधरा मिनिटांवर येतो. मे महिन्यात पाण्याची बाटली घरून न्या. एसी फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत आहे, पालक बसतात त्या जिन्याजवळच्या बाकांवर जळगावचं ऊन सरळ येतं. मशीनला तीन स्टार, काउंटरला एक, ताईंचे वर सांगितलेच.