संशोधन, अध्यापन की तांत्रिक लेखन? जैवतंत्रज्ञानातल्या तीन वाटांची तुलना

जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केलेल्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा असतात: लॅबमधले संशोधन, महाविद्यालयातले अध्यापन आणि औषध कंपन्या किंवा क्लिनिकल चाचण्या घेणाऱ्या संस्थांसाठी करायचे तांत्रिक लेखन. त्यांची तुलना बहुतेक वेळा पगारावर येऊन थांबते आणि तिथेच चुकते. पस्तीस-चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत माणूस एकाच वाटेवर राहतो असे नाही. त्यामुळे कोणते दार कोणत्या वयात बंद होते आणि कुठून कुठे परत येता येते, हे आधी पाहावे. संशोधनातून अध्यापनात आणि अध्यापनातून लेखनात जाता येते. उलट दिशेचा प्रवास फार थोड्यांना जमतो.

तिन्ही वाटा एकाच आयुष्यात चाललेली माणसे आपल्याकडे आहेत. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत संशोधन केले, मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवले आणि पुढे ग्राहक चळवळीच्या मासिकात अन्नसुरक्षेवर लेख लिहिले. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या जीवशास्त्रीय संशोधनातून विज्ञान-संपादनाकडे वळले. दोघांचाही क्रम आधी प्रयोग, मग शब्द असाच होता.

शिरण्यासाठी काय लागते

संशोधनाचा मुख्य दरवाजा म्हणजे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती. शिवाय केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी ही वेगळी पात्रता परीक्षा आहे. नेटच्या जीवविज्ञान पेपरला २०० गुण असतात आणि त्यातले निम्मे ‘क’ भागाला. तिथे ७५ प्रश्नांपैकी फक्त २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा, म्हणजे इथे एक गुण, कापला जातो. अभ्यासक्रमाचे १३ घटक सारख्याच जोमाने वाचणारा विद्यार्थी इथेच मागे पडतो. सहा-सात घटक खोल वाचावेत आणि शेवटचा, म्हणजे तंत्रांचा घटक, कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. ‘क’ भागातले प्रश्न बहुधा प्रयोगाचा निकाल देऊन ‘यावरून काय निष्कर्ष निघतो’ असे विचारतात.

अध्यापनासाठी नेट किंवा सेट, म्हणजे राज्यस्तरीय पात्रता परीक्षा. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि ती महाराष्ट्र व गोव्यात चालते. एकूण ३०० गुण, उणे गुण नाहीत, वयाची अट नाही. २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही, नेट-सेट पुरते. इथवर सोपे वाटते, पण खरी अडचण पुढे आहे. राज्यातल्या पुष्कळ महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञानाचे वर्ग विनाअनुदानित तत्त्वावर सुरू झाले. अनुदानित, कायम जागा मुख्यतः वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात निघतात. तिथे अर्ज केला की पदवीचा विषय ‘संबंधित’ आहे की नाही, यावरून छाननीत नाव गळू शकते. ज्याला शिकवायचेच आहे, त्याने एम.एस्सी.चा विषय ठरवतानाच शेजारच्या चार विद्यापीठांच्या जाहिराती वाचून घ्याव्यात. सूक्ष्मजीवशास्त्रातली एम.एस्सी. आणि जैवतंत्रज्ञानातले संशोधन ही जोडी नोकरीच्या बाजारात अनेकदा जास्त कामाची ठरते.

तांत्रिक लेखनाला परीक्षाही नाही, परवानाही नाही. लेखनचाचणी मात्र जवळपास सगळीकडे असते. एक शोधनिबंध किंवा आकडेवारीचा तक्ता देतात आणि ठरावीक वेळात त्याचा सारांश मागतात. इंग्रजी सुंदर आहे का, हे तिथे कोणी पाहत नाही. तक्त्यात आहे तेवढेच लिहिले का, हे पाहतात.

पैसा आणि कायमपणा

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि दोन वर्षांनंतर एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्तीला, ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. मुदत एकूण पाच वर्षे. पीएच.डी. सहा वर्षांवर गेली तर शेवटचे वर्ष कशावर काढायचे, हा प्रश्न चौथ्या वर्षीच गाईडला विचारावा. प्रकल्पावरची नेमणूक घेतली तर अनुदानाचा हप्ता लांबला की पगारही लांबतो. रुजू होण्याआधी प्रकल्पाची किती वर्षे शिल्लक आहेत, हे लेखी मागायला लाजू नये. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या तिसऱ्या वर्षी रुजू होणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता. तिन्ही वाटांत एवढी खात्री दुसरीकडे नाही. पण त्या खुर्चीपर्यंतचा रस्ता तासिका तत्त्वावरून जातो. तासाप्रमाणे मानधन, सुट्टीचे पैसे नाहीत, बिल वर्षाअखेरीस. ‘दोन वर्षे तासिका करू, तोवर जागा निघेल’ असे म्हणत दहा वर्षे गेलेली माणसे प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की तासिका करायची असेल तर सोबत अर्धवेळ पीएच.डी. नोंदवलेली असावी, नाहीतर करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते, नोकरीत असाल तर संस्थेचे ना-हरकत पत्र लागते.

लेखनात ठरलेली वेतनश्रेणी नाही. पीएच.डी. असेल तर सुरुवात वरच्या पायरीवरून होते, आणि दोन-तीन प्रकारची कागदपत्रे स्वतंत्रपणे पूर्ण केल्याचे दाखवता आले की दुसऱ्या नोकरीत उडी मोठी बसते. सुरक्षितता मात्र कंपनीच्या हातातल्या कामावर अवलंबून असते.

रोजचे काम, आणि ते कुठे बिघडते

संशोधनाचा दिवस हाताने आणि वाट पाहण्याने भरलेला असतो. नमुन्यात ठरावीक प्रथिन आहे का हे दाखवणारा साधा वेस्टर्न ब्लॉट घ्या. जेल चालवायला दीड तास, प्रथिने पडद्यावर उतरवायला तास किंवा रात्रभर, ब्लॉकिंगला तास, पहिले प्रतिपिंड ४ अंशांवर रात्रभर, दुसऱ्या दिवशी दुसरे प्रतिपिंड आणि धुण्याच्या फेऱ्या. एवढे होऊन पट्टी दिसलीच नाही तर नवखा माणूस सगळे पहिल्यापासून करतो. जाणता ब्लॉकिंगच्या आधीच पडदा पोन्सोने, म्हणजे प्रथिनांना चिकटणाऱ्या लाल रंगाने, रंगवून पाहतो. लाल पट्ट्या नसतील तर दोष उतरवण्यात, असतील तर प्रतिपिंडात किंवा नमुन्यात. या दोन मिनिटांमुळे दोन दिवस वाचतात. पेशीसंवर्धनात मायकोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जिवाणू हा त्याहून वाईट शत्रू, कारण माध्यम गढूळ होत नाही, पेशी जगत राहतात आणि निकाल मात्र गुपचूप बदलतात. दर महिन्याला पीसीआर चाचणी न करणारी लॅब निवडू नये. मुलाखतीच्या वेळी हा एक प्रश्न विचारला की लॅबची शिस्त कळते.

अध्यापनात नियमानुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. न दिसणारे काम प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशीचे. वीस मुलांच्या तुकडीसाठी जिवाणूंच्या रूपांतरणाचा, म्हणजे त्यांच्यात प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक असलेले प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे वर्तुळ) घालण्याचा, प्रयोग लावायचा तर २५ प्लेटा, प्रत्येकी २० मिलिलिटर, म्हणजे ५०० मिलिलिटर माध्यम लागते. ते १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली १५ मिनिटे निर्जंतुक करून ५० अंशांच्या आसपास निवू द्यायचे आणि मगच प्रतिजैविक अ‍ॅम्पिसिलिन घालायचे. १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या साठ्यातले अर्धा मिलिलिटर पुरते. घाईने गरम माध्यमात घातले तर औषध निकामी होते, दुसऱ्या दिवशी सगळ्या प्लेटांवर सायीसारखा थर वाढतो आणि मुलांना वाटते प्रयोग फारच यशस्वी झाला. प्लेटा १६-१८ तासांपेक्षा जास्त ठेवल्या तर खऱ्या वसाहतीभोवती बारीक उपवसाहती उगवतात आणि मोजणी चुकते. प्लाझ्मिड न घातलेली एक प्लेट आणि अ‍ॅम्पिसिलिन नसलेली एक प्लेट तुकडीमागे ठेवली तर असली गडबड मुलांना स्वतःच ओळखता येते, आणि शिकवण्याचा अर्धा भाग तिथेच होतो. याच्या जोडीला महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कागदपत्रे, नव्या शैक्षणिक धोरणाचे श्रेयांक, पेपर तपासणी. संशोधनासाठी उरलेला वेळ म्हणजे दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी. तेवढ्यात पेशीसंवर्धन चालत नाही. मातीतले जिवाणू, वनस्पती ऊतिसंवर्धन, विकरांची (एन्झाइमांची) मोजमापे किंवा संगणकावरचे जनुक-विश्लेषण चालते. महाविद्यालयात गेल्यावर विषय असा बदलावा लागतो, आणि तो न बदलणारे पाचेक वर्षांत संशोधन सोडतात.

तांत्रिक लेखनाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. यात ललित लेखन काहीच नाही. क्लिनिकल चाचणीचा अहवाल आयसीएच या औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या १९९५ सालच्या ई३ मार्गदर्शिकेनुसार लिहितात. प्रकरणांचा क्रम ठरलेला असतो. सांख्यिकी विभागाकडून तक्ते, याद्या आणि आलेख येतात, लेखक त्यांवरून मजकूर बांधतो. शहाणा लेखक आकडे येण्याआधीच रिकाम्या तक्त्यांवरून सांगाडा लिहून ठेवतो, कारण चाचणीचा माहितीसाठा अंतिम करून बंद झाल्यावर मिळणारे दिवस मोजकेच असतात. ठरलेली चूक भाजकाची. समजा ३०० रुग्ण गटांत विभागले, पण प्रत्यक्ष औषध २९४ जणांनी घेतले आणि ४२ जणांना दुष्परिणाम झाले. सुरक्षिततेच्या प्रकरणात टक्केवारी २९४ वर निघते, १४.३. कोणी ३०० वर काढून १४.० लिहिले, तर सारांशात एक आणि मुख्य मजकुरात दुसरा आकडा राहतो, आणि औषध नियामकाचा पहिला प्रश्न तिथूनच येतो. दुसरा धोका आवृत्त्यांचा. सहा जण एकाच मसुद्यावर शेरे मारतात, त्यातले दोन परस्परविरोधी असतात. कोणता स्वीकारायचा हे लेखकाने मनाने ठरवायचे नसते. दोघांना एका बैठकीत बसवून निर्णय लेखी घ्यायचा असतो. ज्याला हे मध्यस्थीचे काम नकोसे वाटते, त्याने भाषा कितीही चांगली असली तरी या वाटेला जाऊ नये.

एआयमुळे निव्वळ भाषा सुधारण्याचे आणि साचेबंद पहिल्या मसुद्यांचे काम कमी होत आहे. आकडा तक्त्याशी जुळतो का आणि निष्कर्ष पुराव्यापेक्षा पुढे गेला का, हे तपासणारा माणूस मात्र लागतोच. ती नजर लॅबमध्ये स्वतःचे फसलेले प्रयोग पाहून येते. म्हणून एम.एस्सी.नंतर थेट लेखनात शिरण्याऐवजी निदान दोन वर्षे प्रयोगशाळेत काढावीत असे आमचे म्हणणे आहे.

परतीची वाट

डीएसटीच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या, इन्स्पायर फॅकल्टी या तरुण संशोधकांसाठीच्या योजनेसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३२, सीएसआयआरच्या शास्त्रज्ञपदांसाठीही बहुधा तेवढीच. पीएच.डी. तिशीत आणि त्यानंतरचे संशोधन, म्हणजे पोस्टडॉक, तीन वर्षांचे, म्हणजे ही मर्यादा ओलांडलेली असते. लेखनात चार-पाच वर्षे काढून पुन्हा लॅबमध्ये स्वतंत्र पद मिळणे जवळपास अशक्यच, कारण त्या काळात शोधनिबंधांची यादी थांबलेली असते. खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर योजना आहे. ती लक्षात ठेवावी. अध्यापनातून संशोधनाकडे परतणे मधल्या मार्गाने जमते. पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली की सहायक प्राध्यापक एका वेळी चार, सहयोगी सहा आणि प्राध्यापक आठ विद्यार्थी घेऊ शकतो.

मग कोणी काय करावे

बावीस-चोविशीत, जेआरएफ हातात असेल तर संशोधन. दुसरा विचार नको. हे दार परत उघडत नाही. जेआरएफ नसेल पण सेट झाली असेल, तर विनाअनुदानित नोकरीपेक्षा वर्ष-दोन वर्षांची प्रकल्प नेमणूक घेऊन पुन्हा नेट द्यावी.

पीएच.डी. झाली, वय तिशीच्या पुढे आणि पहिला लेखक म्हणून नाव असलेले शोधनिबंध एक-दोनच, तर दुसऱ्या-तिसऱ्या पोस्टडॉकच्या मागे लागू नये. या टप्प्यावर लेखन ही पळवाट नसते, योग्य वेळ असते. तयारी घरबसल्या होते. भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयवर, हजारो चाचण्यांची माहिती खुली आहे. एक निवडून तिच्या आराखड्याचा दोन पानी गोषवारा लिहावा. एखाद्या प्रकाशित शोधनिबंधातला फक्त तक्ता घेऊन मजकूर न वाचता दीडशे शब्द लिहावेत, मग मूळ मजकुराशी ताडून पाहावेत. असे पाच नमुने मुलाखतीत दाखवता येतात. आधीच्या कंपनीतले काम गोपनीयतेमुळे दाखवता येत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते.

पंचेचाळिशीतल्या कायम प्राध्यापकाने नोकरी सोडू नये. राज्यात महाविद्यालयीन शिक्षक ६० व्या वर्षी निवृत्त होतात आणि शेवटच्या तीन वर्षांत नवा पीएच.डी. विद्यार्थी घेता येत नाही, म्हणून ५५ च्या सुमारास लेखनाची बाजू बांधायला घ्यावी. मराठीतून करायचे तर चाचण्यांची रुग्ण-संमतीपत्रे आहेत. ती रुग्णाला कळेल अशा भाषेत द्यावी लागतात, आणि विषय व भाषा दोन्ही येणारी माणसे कमी आहेत. संस्थेची परवानगी आधी घ्यावी. पहिल्या करारात मोबदला शब्दांवर की तासांवर, हे लिहावेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुरुस्तीच्या फेऱ्या किती, हे लिहावे: दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत, तिसरीपासून वेगळे पैसे.