एमएसमध्ये डोळ्याची तपासणी: व्हीईपी की ओसीटी?

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूतल्या आणि डोळ्याच्या नसेतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजवणारा आजार. व्हीईपी म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्याला मेंदू किती वेळात प्रतिसाद देतो हे मोजणारी तपासणी. तिला जाताना केसांना तेल नको. डोक्याच्या मागे इलेक्ट्रोड चिकटवायचे असतात. चष्मा मात्र न्यायचाच. पडद्यावरचे काळे-पांढरे चौकोन उलटसुलट होत राहतात आणि मेंदूची पी100 नावाची प्रतिसाद-लहर साधारण 100 मिलिसेकंदांना उमटते. मायलिनचं आवरण झिजलं की ती उशिरा येते, अगदी नजर पूर्ववत झाल्यावरही. पेंगुळलेल्या पेशंटचा रिपोर्ट मात्र फसवा.

ओसीटी म्हणजे प्रकाशाने केलेलं डोळ्याचं काही मिनिटांचं स्कॅन, सुई-बिई काही नाही. दृष्टिपटलातल्या तंतूंचा थर मायक्रॉनमध्ये मोजला जातो. पण ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेचा दाह) ताजा असताना सुजेमुळे तो जाडच दिसू शकतो. खरी झीज कळायला तीनेक महिने लागतात.

ऑप्टिक न्यूरायटिसचा जुना, नकळत होऊन गेलेला झटका शोधायला मी व्हीईपीकडे झुकेन. वर्षानुवर्षांच्या नोंदीला ओसीटीच, तेही शक्यतो त्याच मशीनवर.