क्विल्टिंगचं स्टार्टर किट: घेण्याआधी वाचा

क्विल्टिंग म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखं पांघरूण शिवणं. त्याचं हे किट तसं चांगलंय, 45 मिमीचा गोल ब्लेडवाला कटर, मॅट, पट्टी सगळं आलं, कटर तर कापडाचे चार थर एका फटक्यात कापतो. पण त्याचं झाकण दर वेळी आठवणीने बंद करावं लागतं, मी एकदा विसरले आणि उचलताना बोट चांगलंच कापलं, घरात लहान मुलं असतील तर खूप जपा.

खरा त्रास पुढे आहे आणि तो बॉक्सवर कुठेच लिहिलेला नाही. तुकडे जोडताना शिवण कडेपासून पाव इंचावरच हवी, दोन्ही तुकड्यांत 1-1 मिमी जरी जास्त गेला ना, तरी 10 शिवणींत 2 सेंमी गायब, मग चौकोनांचे कोपरे जुळतच नाहीत, मी अख्खी ओळ उसवून परत शिवली, रडायला आलं होतं अक्षरशः.

तीन थर (वरचं जोडलेलं कापड, मधलं भरण, खालचं अस्तर) टाचायला तासन्‌तास जमिनीवर गुडघे टेकून बसायचं, कंबर धरते. डबल बेडचं क्विल्ट साध्या मशीनखालून सरकता सरकत नाही, गुंडाळी ढकलून खांदे भरून येतात. कापडाचा साठा वाढतो तो वेगळाच.

3 स्टार. पहिल्यांदाच करत असाल तर उशीच्या कव्हराएवढंच काहीतरी करा.